पोळ्या करू नकोस

माझ्या नवऱ्याला फोनवर मराठी टाइप करायचा मनस्वी कंटाळा. बोटं जाड, अक्षरं बारीक, आणि जोडाक्षर आलं की फोन आपटायचीच वेळ. त्यामुळे आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर बाकीचे पदाधिकारी सूचना लिहायचे आणि हा बोलून पाठवायचा. "मंडळी, रविवारी साडेदहाला चामराजपेटच्या हॉलवर जमायचंय. चपला रांगेत ठेवा, फोन गप्प करा आणि चिवडा संपला की लगेच पळू नका." असं वर्षानुवर्षं चाललं. लोक त्याला मंडळाचा आवाज म्हणायचे. मी त्याला अरे-तुरे करायची हे मंडळातल्या बायकांना कधी पचलं नाही, पण त्याचा आवाज सगळ्यांना आवडायचा.

तो गेला तेव्हा ग्रुपवर त्याचे असे ढीगभर निरोप पडून होते. माझ्या फोनवर मात्र एकच जपून ठेवलेला होता, शेवटचा. त्या शनिवारी संध्याकाळी तो मंडळाच्या बैठकीहून बसने घरी परतत होता. "अगं, मारतहळ्ळीच्या पुलाखाली बस अडकलीय. तू पोळ्या करू नकोस, येताना अक्कांकडून आणतो." पोळीवाल्या अक्का आमच्या कोपऱ्यावर बसतात. तो आला, पोळ्यांचं पुडकं आणि कोथिंबिरीची जुडी टेबलावर ठेवली, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आज जिना फार वाटला." आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा टाकला तेव्हा तो उठला नाही.

मी शाळेत चाळीस वर्षं समाजशास्त्र शिकवलं. आठवड्यातून एक तास मी वर्तमानपत्रासाठी राखून ठेवलेला असे. मुलांनी एक बातमी कापून आणायची आणि तिला प्रश्न विचारायचे. हे कोण सांगतंय? त्याला कुणाकडून कळलं? दुसरं कुणी हेच सांगतंय का? आणि चौथा प्रश्न, ज्याच्यावर मुलं नेहमी अडायची: हे खरं असावं असं मला वाटतंय का? वाटत असेल तर दुप्पट तपासा, असं मी सांगायची. मुख्याध्यापिका म्हणायच्या, एवढी संशयी मुलं घडवून काय करणार आहात? मी म्हणायची, संशयी नाही, सावध. निवृत्त झाल्यावर तो तास संपला असं मला वाटलं होतं.

तो जाऊन आठ महिने झाले होते, तेव्हा मंडळात एक प्रकार घडला. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांना फोनवर एक व्हिडिओ आला. त्यात एक नामवंत हृदयरोगतज्ज्ञ शुद्ध मराठीत सांगत होते की रक्तदाबाच्या गोळ्या बंद करा आणि रोज सकाळी कारल्याचा रस घ्या. तोंड त्यांचं, आवाज त्यांचा, हातवारेसुद्धा त्यांचेच. त्या डॉक्टरांना मराठीचा गंध नव्हता, पण हे विचारायला कुणाला सुचलं? आजोबांनी गोळ्या बंद केल्या आणि बाराव्या दिवशी हॉलमध्ये पेटी वाजवता वाजवता कोसळले. वाचले, एवढंच म्हणायचं. मग कार्यकारिणीने ठराव केला की मी दर रविवारी एक तास घ्यावा. विषय: खरं-खोटं कसं ओळखावं.

पहिले दोन रविवार मी फळ्यावर तेच चार प्रश्न लिहिले. कृत्रिम बुद्धिमत्ता चेहरा कसा बनवते, आवाज कसा उचलते, हे माझ्या मुलीने मला समजावून दिलं होतं. ती महादेवपुऱ्यात एका कंपनीत असल्या प्रणालींचंच काम करते. मी टिपा काढल्या आणि शिकवलं. दातांकडे बघा, कानातल्या डुलांकडे बघा. आवाज असेल तर श्वास ऐका. मशीन श्वास घेत नाही, किंवा भलत्याच जागी घेतं, शब्दाच्या मधोमध अडखळतं. सतरा डोकी समोर बसलेली, सगळी साठीच्या पुढची, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच ते गोड हसू. एक जण म्हणाले, "बाई, सत्तर वर्षं माणसांचं ऐकतोय. ओळखीचा आवाज आम्हाला कळणार नाही होय?" बाकीच्यांनी माना डोलावल्या.

माझं डोकं फिरलं. हा माझा जुना दोष आहे. वर्गात कुणी "येतंय की बाई" म्हणालं की मला तिथल्या तिथे तोंडी परीक्षा घ्यावीशी वाटते. मी मनात म्हटलं, थांबा, तुमच्या ओळखीचाच आवाज आणते.

मी तेव्हा स्वतःला असं समजावलं की हे सगळं शिकवण्यासाठी आहे. आज खोटं बोलायचं कारण नाही. आठ महिने मी तोच एक निरोप ऐकत होते, आणि मला त्याच्या तोंडून दुसरं काहीतरी ऐकायचं होतं. काहीही. भाजी आळणी झालीय, एवढं म्हणाला असता तरी चाललं असतं.

दुपारी दार लावून मी लॅपटॉप उघडला. मुलीला सांगितलं नाही, ती नको म्हणाली असती. एका संकेतस्थळावर त्याच्या चाळीसेक सूचना टाकल्या आणि कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या आत आवाज तयार झाला. आधी मी त्याच्याकडून मंडळाची एक सूचना म्हणून घेतली. ती इतकी हुबेहूब होती की मी हसले. मग मी लिहिलं, "दमलीस का गं?" आणि बटण दाबलं. लॅपटॉपमधून तो म्हणाला, "दमलीस का गं?" छत्तीस वर्षांत त्याने मला हे कधी विचारलं नव्हतं. मी झाकण बंद केलं आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली नारळवाला कुणाशी तरी कन्नडमध्ये हुज्जत घालत होता, आणि ते भांडण ऐकून मला बरं वाटलं. घरात परत जायची मला भीती वाटत होती, हे मात्र खरं.

तरी मी गेले. परीक्षा घ्यायचीच होती. तुलना चोख व्हावी म्हणून त्याचा खरा निरोपच मी शब्दाला शब्द टाइप केला. अडकलेली बस, पोळ्या, अक्का. त्याच्या दोन खोट्या आवृत्त्या करून घेतल्या. मागे थोडा रस्त्याचा आवाज मिसळला, कारण खऱ्यातही तो होता. मग तिन्ही फायली नव्याने साठवल्या, नावं पुसली, तारखा एकसारख्या केल्या आणि फक्त आकडे दिले. एक, दोन, तीन. उत्तरं मंडळाच्या जुन्या कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर लिहून ठेवली. प्रश्नपत्रिका एकीकडे, उत्तरं दुसरीकडे, हा माझा शाळेतला शिरस्ता. मूळ निरोप फोनवर होताच, त्यामुळे काळजीचं कारण नव्हतं.

आठवड्याने रविवार आला. मी म्हटलं, ह्यातला एकच खरा आहे, हात वर करून सांगा. पहिला लावला आणि हॉलमधली कुजबुज थांबली. दुसरा लावला तेव्हा एका काकूंनी पदर तोंडाला लावला. तिसऱ्याला कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. दहा-बारा हात दुसऱ्यासाठी वर गेले, उरलेले पहिल्या-तिसऱ्यात विभागले. मी कागदावर दोनसमोरची ओळ पाहिली आणि जिंकल्याच्या थाटात म्हणाले, "चूक! दोन नंबर मशीनचा!"

कुणी हसलं नाही. मागच्या खुर्चीवरून अण्णा उठले. अण्णा माझ्या नवऱ्याचे कारखान्यातले जोडीदार, मूळचे बेळगावकडचे. दोघांनी एकाच विभागात उभी नोकरी काढली आणि निवृत्तीनंतर मंडळाचं काम मिळून केलं. त्यांनी एकदाही हात वर केला नव्हता. दारात जाऊन त्यांनी रांगेतल्या आपल्या चपला घातल्या आणि मागे वळून म्हणाले, "वैनी, हे बरं नाही केलासा." आणि गेले.

त्यानंतर तास चालणं शक्यच नव्हतं. सगळे बोलायला लागले, काकू रडत होत्या, आणि अशा वेळी आमच्या मंडळात जे होतं तेच झालं: कुणीतरी चिवडा काढला. आमच्याकडे चिवडा बश्यांत देत नाहीत. उरलेल्या कार्यक्रमपत्रिका कशाला वाया घालवायच्या, म्हणून त्यांचेच द्रोण करतात. ही पद्धत माझ्या नवऱ्यानेच पाडली होती. टेबलावरचा गठ्ठा उचलला गेला, त्यात माझा कागदही गेला. घरी जाताना बसमध्ये ते माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, जाऊ दे, फोनवर आहेच.

तीन आठवड्यांनी फोन मोरीतल्या बादलीत पडला. दुकानदाराने उघडून पाहिला आणि हात वर केले. "स्वल्प जास्तीच पाणी गेलंय मॅडम," त्याने हिंदी, मराठी, कन्नडची भेळ करून सांगितलं. नव्या फोनवर सगळी संभाषणं परत आली, पण फक्त लिहिलेली. नवऱ्याचं नाव उघडलं तर त्याच्या निरोपाच्या जागी एक राखाडी पट्टी होती, दाबली तरी काही होत नव्हतं. तिच्याखाली माझं उत्तर तेवढं शाबूत होतं: "बरं. कोथिंबीर पण आण."

तेव्हाही मी घाबरले नाही. लॅपटॉपवर तीन फायली होत्या, दोन नंबर खोटा हे माहीत होतं, आणि छत्तीस वर्षं ज्याच्याशी भांडले त्याचा आवाज मला कळणार नव्हता? मीही तेच म्हणत होते, जे हॉलमधली माणसं म्हणाली होती.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा मुलीने मागणी केली. "आई, बाबांचा तो लास्ट मेसेज मला पाठव ना. माझ्याकडे त्यांचे सगळे 'जेवलीस का, पोचलीस का' आहेत. तो एक दे." मी लॅपटॉप घेऊन बसले. एक लावला. तीन लावला. पुन्हा एक. शब्द तेच, आवाज तोच, मागची वाहनं तशीच. अर्धा तास गेला. मला कळत नव्हतं. कागदावर काय लिहिलं होतं ते आठवेना. उत्तरं आठवडाभर आधी लिहिलेली, आणि वर्गात मी फक्त दोनचीच ओळ बघितली होती. जितकं जास्त ऐकावं तितके दोन्ही परके वाटायला लागले. मग मी लॅपटॉप मिटून देवासमोर बसले, पण तिथेही कानात ते दोघे बोलत होते.

शेवटी मी माझ्याच टिपा काढल्या. तीनमध्ये तो "पोळ्या" म्हणताना शब्दाच्या मधेच थांबत होता. पो, मग एक लहानशी खाच, मग ळ्या. आणखी पुढे "आणतो"च्या आधीही तसंच. भलत्या जागी श्वास. मशीन अडखळतं, मीच शिकवलं होतं. एकमध्ये मात्र सगळं वाक्य सरळ, मोकळं, थोडं हसरं. हाच माझा नवरा. मी एक नंबर मुलीला पाठवून दिला आणि त्या दिवशी शांत जेवले.

वर्षश्राद्ध झालं. मुलगी रोज ऑफिसच्या गाडीत बसली की तो निरोप ऐकायची. एका रविवारी ती घरी आली, भाजी निवडता निवडता म्हणाली, "आई, किती फ्रेश वाटतात ना बाबा त्यात? मला खूप बरं वाटतं गं. म्हणजे शेवटपर्यंत ते एकदम ओके होते."

मी "हो" म्हटलं. पण देठं मोडता मोडता माझा हात थांबला. टवटवीत? दोन तासांची बैठक, गच्च भरलेली बस, पुलाखालची ती कोंडी, आणि घरी आल्यावर "आज जिना फार वाटला" म्हणणारा माणूस. फळ्यावरचा चौथा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. हे खरं असावं असं मला वाटतंय का? वाटत होतं. अगदी जिवापाड वाटत होतं.

मग उरला तिसरा प्रश्न. दुसरं कुणी हेच सांगतंय का? माझ्या लक्षात आलं की त्या संध्याकाळी बसमधून त्याने आणखी एकाला निरोप पाठवला असणार. मंडळाच्या हॉलची किल्ली त्याच्या पॅंटच्या खिशात राहिली होती, ती मला नंतर कपडे आवरताना सापडली. किल्ली राहिली की तो अण्णांना कळवल्याशिवाय राहणारा नव्हता. अण्णांनी ती किल्ली माझ्याकडे कधीच मागितली नाही, हॉलला नवं कुलूप आणलं.

मी बस पकडून चामराजपेटला गेले. अण्णांचं घर बाजारामागच्या गल्लीत, खाली शिंप्याचं दुकान. त्या रविवारनंतर आम्ही बोललो नव्हतो. त्यांनी दार उघडलं. "बसा की वैनी." मी बसले आणि आधी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. मग माफी मागितली. चाळीस वर्षांत वर्गात घेतलेल्या एकाही परीक्षेची मी माफी मागितलेली नाही, ही पहिली. मग सगळं सांगितलं: फायली, चिवडा, बादली, मुलगी. अण्णांनी ऐकून घेतलं आणि फोन काढला.

त्यांचा निरोप होता. मला आलेल्या निरोपाच्या आधी काही मिनिटांचा. "अण्णा, हॉलची किल्ली माझ्याच खिशात राहिलीय बघ. उद्या सका..." एक खाच, "...ळी आणून देतो."

अण्णांनी तो पुन्हा लावला. तीच खाच. शब्दाच्या मधोमध, जिथे कुणी धडधाकट माणूस थांबत नाही तिथे.

"दम लागलाय बघा त्याला," अण्णा म्हणाले. "तवा मी पण ऐकलो की हो. मला वाटलं, गर्दीत उभा असंल." त्यांनी फोन खाली ठेवला आणि चष्मा पुसत बसले. मी तीन नंबर लावून दाखवला नाही. त्याची गरज नव्हती.

परतीच्या बसमध्ये मला जागा मिळाली. पुलाखाली नेहमीप्रमाणे अडकलो. मी कानाला लावून तीन नंबर ऐकला, दोनदा. ज्याला मी मशीन म्हणून बाजूला ठेवलं होतं तो माझा नवरा होता, आणि त्याला श्वास पुरत नव्हता. ज्याला मी नवरा म्हणून मुलीच्या हवाली केलं, त्याला श्वासाची गरजच नव्हती. हे मी मूळ फोनवर आठ महिने रोज ऐकलं होतं. रोज. एकदाही ऐकू आलं नाही.

मुलीला सांगायचं की नाही, ह्यावर मी दोन दिवस घातले. तिला त्या खोट्याने बरं वाटत होतं. ऑफिसच्या गाडीत, हेडफोन लावून, डोळे मिटून ती ज्याचं ऐकत होती तो तिला काही त्रास देत नव्हता, आणि देणारही नव्हता. कितीतरी आया हे सांगणार नाहीत, आणि मी त्यांना दोष देणार नाही. पण तिच्या बापाच्या जागी मी बनवलेला कुणीतरी तिच्या कानात बोलतोय, ह्या विचाराने माझ्या अंगावर काटा यायचा. स्वयंपाक करताना तो मधूनच आठवायचा, तो मोकळा, हसरा आवाज, आणि मी मागे वळून बघायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तिला तीन नंबर पाठवला. खाली लिहिलं: "आधीचा मी मशीनकडून करून घेतलेला होता. चूक माझी. हा खरा." आणि फोन ओट्यावर पालथा ठेवून भांडी घासायला घेतली.

तिचा फोन यायला वीसेक मिनिटं लागली. ती कुठल्या तरी जिन्यात उभी असावी, आवाज घुमत होता. ती माझ्यावर ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली नाही.

"आई, ह्यात बाबांना दम लागलाय."

"हो."

"तुला तेव्हा कळलं नाही?"

माझ्याकडे उत्तरं तयार होती. मागे बसचा आवाज होता. कुकर लागलेला होता. अण्णांनासुद्धा कळलं नव्हतं. पण वर्गात असल्या उत्तरांना मी कधी गुण दिले नाहीत.

"नाही," मी म्हटलं. "मी फक्त पोळ्यांचं ऐकलं. आणि वर त्याला कोथिंबीर आणायला सांगितली."

तिकडून नुसता तिचा श्वास येत होता, मधेच तुटत, पुन्हा लागत. मी ओल्या हाताने फोन कानाशी धरला आणि तो ऐकत राहिले.